काचेसारखा पारदर्शक, चांदीसारखा वाहक

४ सप्टेंबर, सकाळी ९.२०

आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची फार नेटाने चालली होती. तीन जानेवारीपर्यंत.

या महिन्याचे संकल्प: रोज लिहायचं, एक दिवसही चुकवायचा नाही. लॅबमधल्या मायक्रोस्कोपचा बल्ब गेलाय, त्याचा मागणीचा फॉर्म आजच भरायचा. डोळे तपासून घ्यायचे (बायको मागे लागली आहे म्हणून. मला लांबचं उत्तम दिसतं, आणि जवळ काय आहे ते मला माहीतच असतं). पीएचडी संपवायची.

शेवटच्या कामाला तारीख आहे; थिसिस नंतर लिहिता येईल, पण समितीसमोरचा सेमिनार त्या तारखेच्या आत पास व्हायला हवा. ३० सप्टेंबर. युनिव्हर्सिटीने तिसरं एक्स्टेन्शन दिलं, त्या पत्रात ‘शेवटचं’ या शब्दाखाली कुणीतरी पेनाने रेघ मारली आहे. रेघ कशाला? मी काय लहान आहे?

दुपारी १

ट्यूब नंबर एक्केचाळीस भट्टीतून काढली!! क्वार्ट्झची बंद नळी, आतली हवा काढलेली, एका टोकाला टंगस्टन आणि सेलेनियमची पूड. एक टोक जास्त गरम, दुसरं कमी. बारा दिवसांत पुडीची वाफ होते आणि गार टोकाला जाऊन क्रिस्टल होऊन बसते. निदान पुस्तकात तरी बसते. माझ्या आधीच्या चाळीस नळ्यांत पुडीची पूडच राहिली. नऊ नळ्या तर फुटल्या. ज्योतीवर या नळ्या बंद करून देणारे काचवाले काका म्हणतात, की नोकरीत एका माणसासाठी एवढं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. मी ते कौतुक समजतो.

आज मात्र गार टोकाला एक पापुद्रा चमकत होता. काळसर, आरशासारखा, तांदळाच्या दाण्याएवढा. काकांनी भिंगातून पाहिला आणि म्हणाले, अभिनंदन, आता शिंकून उडवू नकोस.

बल्बचा फॉर्म उद्या. असल्या दिवशी फॉर्म भरणं शोभत नाही.

५ सप्टेंबर

रात्री जेवताना हिला क्रिस्टल सांगितला. तिला आनंद झाला असावा. विचारलं एवढंच, की आता किती दिवस. मी म्हणालो, फक्त पंधरा. ती म्हणाली, कुठले पंधरा, हे नवे की मागच्या वर्षीचेच उरलेले?

हिच्या विमा कंपनीचं पत्र आलंय. दुसऱ्या गावात ब्रँच मॅनेजर. याआधी दोनदा आलं होतं, दोन्ही वेळा तिने माझ्या थिसिससाठी नाही म्हटलं. उत्तर द्यायचं ३० तारखेपर्यंत. तिच्या साहेबांनी तोंडी सांगितलंय, की चौथं पत्र येणार नाही. योगायोग बघा, दोघांची तारीख एकच. लग्न आणि माझं पीएचडीचं रजिस्ट्रेशनही एकाच महिन्यातलं. आठ वर्षं झाली. लग्नाला एक्स्टेन्शन लागत नाही, एवढाच फरक.

मुलीला शाळेत विचारलं, बाबा काय करतात. ती म्हणाली, शिकतात, पण अजून पास झाले नाहीत. तिच्या वर्गशिक्षिका हल्ली माझ्याकडे फार मायेने बघतात.

९ सप्टेंबर

(६, ७, ८: चिंतन.)

ऐतिहासिक दिवस. क्रिस्टल काचेच्या स्लाइडवर बसवला. चार बारीक तारा, प्रत्येकीच्या टोकाला सिल्व्हर पेस्टचा ठिपका. ही चांदीची रंगासारखी पेस्ट असते, वाळली की तारेला आणि क्रिस्टलला जोडते. असलं काम लोक मायक्रोस्कोपखाली करतात. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी हात लांब धरून केलं.

मग क्रिस्टलला ताजा चेहरा द्यायचा म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून ओढली. हे क्रिस्टल वहीच्या पानांसारखे थराथरांचे असतात. वरचा जुना थर पट्टीबरोबर निघतो, खाली कोरा करकरीत उरतो. पट्टीवर चांगला जाडजूड, चमकदार कचरा आला. ओढताना तारा हलल्या, म्हणून पेस्ट पुन्हा लावली, जरा सढळ हाताने. आता स्लाइडवर काय चमकतंय!

आठवण म्हणून ती पट्टी इथेच चिकटवतो आहे. पुढेमागे कुणाला दाखवायला.

११ सप्टेंबर

सॅम्पलमधून किती उजेड आरपार जातो ते मोजणाऱ्या ऑप्टिक्सच्या मशीनवर माझा स्लॉट, १० ते ११. ते मशीन सांभाळणाऱ्या बाई आमच्या इमारतीत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहेत: मशीन त्यांच्याशिवाय चालत नाही आणि त्या ब्लँकशिवाय मशीन चालवू देत नाहीत. ब्लँक म्हणजे सॅम्पल ठेवायच्या आधी नुसत्या काचेचं रीडिंग घ्यायचं, म्हणजे काच किती आणि सॅम्पल किती ते कळतं. त्यात माझी वीस मिनिटं गेली असती. मी म्हणालो, काच मला माहीत आहे. बाई म्हणाल्या, काच सगळ्यांनाच माहीत असते. बराच वाद झाला. शेवटी त्यांना फोन आला आणि मी बटण दाबलं.

निकाल: थक्क! उजेड आरपार. निळा, हिरवा, लाल, सगळा. अडला तो पार अतिनीलमध्ये. म्हणजे माझ्या क्रिस्टलचा बँड गॅप पुस्तकातल्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट.

(बँड गॅप मी मुलीला असा समजावला: इलेक्ट्रॉनला फळीवरचा डबा हवाय, त्यासाठी किती उंच स्टूल लागेल, तो बँड गॅप. ती म्हणाली, आईला सांगायचं, ती काढून देते.)

१२ सप्टेंबर, दुपारी ४

विजेची मापं. चार तारांपैकी दोघींतून करंट, दोघींवर व्होल्टेज. माझा क्रिस्टल सेमीकंडक्टर; त्याचा विजेला विरोध भरपूर असायला हवा आणि तापवल्यावर कमी व्हायला हवा. माझा नगण्य आहे आणि तापवल्यावर वाढतो! असं फक्त धातू वागतात.

पेनाचं टोपण कुठे गेलं कळत नाही.

१३ सप्टेंबर

रात्रभर विचार केला. साडेदहा ते अकरा. निष्कर्ष एकच निघतो: जगात नसलेला पदार्थ माझ्या हातून तयार झालाय. काचेसारखा पारदर्शक, चांदीसारखा वाहक. सेमिनारचं शीर्षकही हेच ठेवणार.

सर (माझे गाइड) परगावी आहेत. त्यांना मेल केला. दोन तासांत उत्तर: ‘रंजक आहे. ब्लँक घेतलास का? एरर बार कुठे आहेत?’ सरांची जुनी खोड. प्रत्येक बिंदूला वरखाली शेपट्या लावायच्या, म्हणजे आकडा इकडेतिकडे किती हलू शकतो ते दिसतं. ज्याला स्वतःची खात्री असते त्याला एरर बार लागत नाही. उत्तर पाठवलं: ‘मशीन उत्तम चालू आहे.’ खोटं नाही.

काचवाल्या काकांना शीर्षक ऐकवलं. ते नळी फिरवता फिरवता म्हणाले, काचेसारखं आणि चांदीसारखं, मग काच आणि चांदीच असेल की. सामान्य माणसाला विज्ञान समजावणं किती अवघड आहे.

१४ सप्टेंबर

आज हिच्याशी सविस्तर बोललो. सांगितलं, की हा शोध मोठा आहे, यातून पुढे इथेच मोठी लॅब मिळेल, आत्ता गाव सोडणं म्हणजे आयुष्यातली चूक. तिने विचारलं, नक्की? मी म्हणालो, शंभर टक्के. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. कौतुकाने, मला वाटतं.

मग टेबलावर बसून तिने नकाराचं पत्र लिहिलं. माझ्यासमोर. पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, तुझ्या लॅबच्या फाटकाशीच पोस्टाची पेटी आहे, तू टाक.

तिसऱ्यांदा माझ्यासाठी नाही म्हणतेय बिचारी. मी हिला याची भरपाई करून देणार आहे. पत्र रोजनिशीच्या मागच्या कप्प्यात ठेवलं. उद्या सकाळी पहिलं काम.

१५ सप्टेंबर

ही आज अर्धा तास लवकर निघाली, गुणगुणत. एकदा नाही म्हणून टाकलं की माणूस मोकळा होतो.

मी सेमिनारची पहिली स्लाइड केली. शीर्षक. तीन फाँटमध्ये करून पाहिलं.

१७ सप्टेंबर

सकाळपासून वाटतंय, की काहीतरी द्यायचं राहिलंय. बल्बचा फॉर्म असणार. उद्या.

२० सप्टेंबर

सेमिनार २७ ला. स्लाइड एकूण चार झाल्या: शीर्षक, आभार, ग्राफ, पुन्हा आभार. मधलं मी तोंडी बोलेन. आभारांत हिचं नाव पहिल्या ओळीत होतं, पण तिथे सरांचं नाव आलं म्हणून दुसऱ्या ओळीत घ्यावं लागलं. समजून घेईल.

२२ सप्टेंबर

जिन्यात ऑप्टिक्सच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, तुझ्या बॉक्समधली एक कोरी काचेची स्लाइड दे. कशाला ते विचारलं नाही. मोठ्या शोधाच्या वेळी लोकांना आठवण म्हणून काहीतरी जवळ हवं असतं. दिली.

२४ सप्टेंबर

घरात खोकी आली आहेत. ही जुने कपडे, जुनी भांडी, माझी जुनी मासिकं भरते आहे. विचारलं, तर म्हणाली, जरा आवरतेय. वर्षातून एकदा येते तिला अशी लहर. मुलीने विचारलं, नव्या घराला गच्ची आहे का. या वयात मुलं काय काय कल्पना करतात!

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार होतो. वाट वाकडी पडली.

२६ सप्टेंबर

आरशासमोर तालीम. अठ्ठावीस मिनिटं. त्यातली नऊ नम्रपणाची.

२७ सप्टेंबर, दुपारी २

लिहायचं नव्हतं. पण संकल्प म्हणजे संकल्प.

सुरुवात चांगली झाली. सर पहिल्या रांगेत, समितीतले तिघे शेजारी. शीर्षकाला कुणीतरी ‘अरे वा’ म्हणालं. ग्राफ दाखवला. प्रश्न आहेत का, असं मी हसून विचारलं.

मागून ऑप्टिक्सच्या बाई उठल्या. म्हणाल्या, मला प्रश्न नाही, माझ्याकडे एक कागद आहे. मी ब्लँक घेतला नव्हता, म्हणून माझ्या कोऱ्या स्लाइडचं रीडिंग त्यांनीच घेतलं होतं. माझ्या ग्राफचा कागद मागून घेतला, त्यावर त्यांचा ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या उजेडाकडे धरले. रेघ एकच दिसली.

तरी मी म्हणालो, की माझा क्रिस्टल काचेशी किती मिळताजुळता आहे ते यावरून सिद्ध होतं. मग सरांनी माझं सॅम्पल मागितलं. खिशातलं भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, की यावर सिल्व्हर पेस्टचा एक मोठा डाग आहे आणि चारही तारा त्यातच आहेत. क्रिस्टल दिसत नाही.

ती काचेची स्लाइड हातोहात पुढे गेली. समितीतल्या तिघांनी पाहिली. एकाने उलटी करूनही पाहिली.

म्हणजे मी उजेड काचेतून पाठवला होता आणि वीज चांदीतून. दोन्ही मापं बिनचूक होती. फक्त ज्याची घ्यायची तो तिथे नव्हता.

समिती भली निघाली. खऱ्या क्रिस्टलची मापं ३० च्या आत दाखवली तर सेमिनार पास. नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. नवा क्रिस्टल वाढायला बारा दिवस. माझ्याकडे तीन.

हिला सांगितलं नाही. सेमिनार कसा झाला असं विचारलं, तेव्हा म्हणालो, लोकांनी बारकाईने पाहिलं.

२८ सप्टेंबर, संध्याकाळी ६

दिवसभर लॅबची जमीन झाडली. काचवाले काका भिंग घेऊन मदतीला आले. टेबलाखाली, भट्टीमागे, माझ्या बुटांच्या तळव्यांना. सापडलं ते असं: काचेचा चुरा, एक रुपेरी बटण, माझ्या पेनाचं टोपण.

शेवटी जमिनीवरच बसून राहिलो. आणि एकदम हिची तीन पत्रं डोळ्यांसमोर आली. तीन वेळा हिने हातचं सोडलं. पहिल्यांदा पुडीसाठी, दुसऱ्यांदा फुटलेल्या नळ्यांसाठी आणि या वेळी एका काचेच्या तुकड्यासाठी, जो दुकानात डझनाने मिळतो. ते पत्र आता तिच्या साहेबांच्या टेबलावर असेल. मला फार वाईट वाटलं. इतकं, की काकांनी मला चहा पाजला.

२९ सप्टेंबर, सकाळी ८.४०

क्रिस्टल हरवला तो नेमका कधी, ते बघायला ही रोजनिशी मागे चाळत होतो, लॅबमध्ये, काकांच्या टेबलावर. ९ सप्टेंबरचं पान आलं. चिकटपट्टी. काका वाकून म्हणाले, हे काय चमकतंय? मी म्हणालो, कचरा. त्यांनी भिंग लावलं. मग भिंग माझ्या हातात दिलं.

अख्खा होता. तांदळाच्या दाण्याएवढा. पट्टीने थर नाही, क्रिस्टलच उचलला होता आणि मी तो वीस दिवस काखोटीला मारून फिरत होतो! काका म्हणाले, काखेत कळसा आणि गावाला वळसा. आजवर ही म्हण मला कधी एवढी लागली नव्हती.

पान कापून घेतलं. मागे दुसरं काही चिकटलं नाही ना म्हणून वही उलटी धरून झटकली, तर मागच्या कप्प्यातून एक पाकीट पडलं. तिकीट लावलेलं. हिचं अक्षर.

टाकलंच नव्हतं.

दुपारी ३

बाईंनी त्यांचा जेवणाचा वेळ मला दिला. आधी ब्लँक. वीस मिनिटं मी हाताची घडी घालून बसलो. बाईंचा चष्मा लावून चारही तारा जोडल्या. काय दिसतं त्या चष्म्यातून! माझी नखं मी किती दिवसांनी पाहिली.

निकाल: बँड गॅप पुस्तकात आहे तोच. विरोध भरपूर, तापवला की कमी. माझ्या जन्माआधीपासून जगाला माहीत असलेला साधासुधा सेमीकंडक्टर. नवीन काहीही नाही. जरा हिरमुसलो. सर म्हणाले, थिसिस बरोबर असावा लागतो, थोर नाही. मग ग्राफवर माझ्याच हाताने एरर बार काढून घेतले. समितीची सही झाली. पास.

३० सप्टेंबर, सकाळी

पत्राबद्दल शांतपणे विचार केला. मी ते विसरलो, असं वरवर पाहणारा म्हणेल. पण आतून कुठेतरी मला कळलं असणार, की हिने नाही म्हणू नये. संशोधकाची अंतःप्रेरणा. वरकरणी आळस, आत त्याग. आज शेवटची तारीख आहे, ही अजून होकार देऊ शकते. संध्याकाळी सांगेन. तिच्या डोळ्यांत पाणी येईल. रुमाल घेऊन ठेवतो.

संध्याकाळी ७

सांगितलं. सगळं: काच, चांदी, पट्टी, पास. शेवटी पाकीट टेबलावर ठेवलं आणि अंतःप्रेरणेबद्दल दोन शब्द बोललो.

ही हसायला लागली. पाणी आलं डोळ्यांत, पण ते हसून. म्हणाली, होकाराचं पत्र तिने पंधरा तारखेलाच स्वतः साहेबांच्या हातात दिलंय. नव्या गावात घर बघून झालं, गच्ची आहे. मुलीची शाळा ठरली. थिसिस तिथे बसून लिही, म्हणाली, पास झालास तरी आणि नसतास झालास तरी तुला घेऊनच जाणार होते. सेमिनारच्या आधी तुझा जीव कशाला टांगणीला लावायचा, म्हणून बोलले नाही.

मी म्हणालो, मग हे नकाराचं पत्र माझ्याकडे कशाला दिलंस? मी ते टाकलं असतं तर?

ती म्हणाली, आठ वर्षांची रीडिंग्ज आहेत माझ्याकडे. विजेचं बिल, मुलीच्या शाळेचा फॉर्म, माझ्या आईला लिहिलेली पत्रं, तुझ्या त्या मायक्रोस्कोपचा बल्ब. तुझ्या हातात दिलेला कागद आजवर कुठेही पोचलेला नाही. एकही बिंदू रेघेबाहेर नाही.

मी पाकीट पुन्हा रोजनिशीच्या कप्प्यात ठेवलं. मग विचारलं, एरर बार?

म्हणाली, लागत नाही.